क्लास आणि मैफल : डोंगरकड्याहून नांदेडपर्यंत

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन लग्नसराईत, डोंगरकड्याच्या बाजारपेठेतले आमचे कापडाचे दुकान एक-दोन दिवस दुपारी चारलाच बंद होते. समोरच्या पेढीवरून दरवर्षी तोच प्रश्न येतो, "काय शेठ, घरात लग्न काढले की काय?" लग्न नसते. नांदेडला गाणे असते. डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ तेथे 'संगीत शंकर दरबार' भरतो आणि त्यासाठी आम्हाला तासाभराचा रस्ता काटायचा असतो. घरी चौविहाराचा नियम असल्यामुळे पाचलाच ताट वाढले जाते, पाण्याच्या बाटल्या सूर्यास्ताआधी संपवल्या जातात आणि अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडेपर्यंत दिवस मावळतीला आलेला असतो. रात्री मंडपाबाहेरच्या भज्यांचा वास आला तरी आपल्याला त्याचे काही देणेघेणे नसते. गाणे ऐकायला जाणाऱ्या माणसाचे पोट हलके असावे असे जुने जाणकार म्हणत. ती सोय आपल्या आचारधर्माने आयतीच करून ठेवली आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका संध्याकाळची ही हकीकत आहे. माझी नात तेव्हा नववीत होती. नांदेडला दर रविवारी ती गायनाच्या क्लासला जाई आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा पायरीपायरीने देत होती. तिच्या वहीत रागांचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, गानसमय असे सगळे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले. तोंडी परीक्षेत विचारले की न अडखळता सांगे. गायकाने त्या दिवशी आलापाला आरंभ केला आणि दोन मिनिटांत ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आजोबा, हा भूप." पाच स्वर तिने बरोबर ओळखले होते. शेजारी बसलेल्या एका प्रौढ बाईंनी ते ऐकले आणि हळूच म्हणाल्या, "बाळ, हा शुद्ध कल्याण आहे. वर जाताना भूपच वाटेल. खाली उतरताना नीट ऐक, मधे निषादाला कसा हात लावून येतो ते."

नात गप्प झाली. पुढचा पाऊण तास तिने मान हलवली नाही. परतीच्या वाटेवर मात्र ती थोडी रुसलेली होती. म्हणाली, "सरांनी हे आम्हाला सांगितलंच नाही." पुढच्या रविवारी तिने सरांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "सांगितले असते तर तू वहीत लिहून घेतले असतेस. म्हणूनच तर सारखा म्हणतो, ऐकायला जात जा."

मला संगीतातले शास्त्र फारसे कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण व्यापारात चाळीसहून अधिक वर्षे गेल्यामुळे एक गोष्ट ठाऊक आहे. कापडाचा पोत पुस्तकात वाचून कळत नाही. नमुना बोटांच्या चिमटीत धरून पाहावा लागतो, आणि तोही एकदा नव्हे, शेकडो वेळा. शुद्ध कल्याणात आरोहाचे स्वर भूपाचेच असतात. अवरोहात निषाद आणि तीव्र मध्यम मिंडेतून, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत येताना, निसटते लागतात. वहीत ते फार तर कंसात लिहिता येतात. गळ्यातून ते कसे येतात हे ज्याने ऐकले नाही, त्याला त्या कंसाचा काही उपयोग नाही. आपल्या समाजातील अनेक घरांतून मुलांना क्लासला पाठवले जाते, फी वेळेवर भरली जाते, प्रमाणपत्रे चौकटीत लावली जातात, आणि त्याच घरातील कोणीही वर्षभरात एकही मैफल ऐकायला गेलेले नसते. मीही अनेक वर्षे त्यांतलाच होतो.

वाचकहो, आज आपल्याला हे किती सहज वाटते पाहा. तिकीट काढावे किंवा निमंत्रणपत्रिका घ्यावी आणि खुर्चीवर जाऊन बसावे. फी भरावी आणि मुलीचे नाव घालावे. दीडशे वर्षांपूर्वी आपल्यासारख्या दुकानदाराला यांतले काहीच शक्य नव्हते. उत्तम गाणे संस्थानिकांच्या दरबारात किंवा धनिकांच्या दिवाणखान्यात होई, आणि विद्या उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे राहून, त्याची मर्जी सांभाळून मिळे. कुलीन घरातल्या स्त्रियांनी गाणे शिकणे तर दूरच, ऐकायला जाणेही अवघड होते. मुंबईत १८७० मध्ये कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी मंडळींनी 'गायन उत्तेजक मंडळी' काढली. व्यापार-उद्योगात मुरलेल्या एका समाजाने आपल्या कुटुंबांना चांगले गाणे ऐकता आणि शिकता यावे म्हणून केलेली ही सोय होती, याची आपण विशेष नोंद घ्यावी. पुण्यात १८७४ मध्ये 'गायन समाज' निघाला आणि कोल्हापुरात १८८३ मध्ये 'देवल क्लब'. वाळकेश्वरला जन्मलेले विष्णू नारायण भातखंडे, ज्या वाळकेश्वरचे आदीश्वर मंदिर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल, हे १८८४ मध्ये याच गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले. पेशाने ते वकील होते. ज्यांच्या थाटपद्धतीवर आजही क्लासमधल्या वह्या भरतात, त्या पंडितजींना चांगले गाणे मनसोक्त ऐकायला मिळाले ते या मंडळींच्या संस्थेत.

दुसरे विष्णू म्हणजे पंडित विष्णू दिगंबर पलुसकर. त्यांची कथा आपल्या घरांतून सांगितली जावी असे मला मनापासून वाटते, कारण ती जितकी गाण्याची आहे तितकीच जमाखर्चाचीही आहे. कुरुंदवाडला १८७२ मध्ये त्यांचा जन्म झाला. दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाने लहानपणीच डोळ्यांना इजा झाली, शिक्षण खुंटले आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ते राहिले. मिरजेत राजाश्रय होता, पोटाची चिंता नव्हती. पण गवयाला समाजात मान नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिले आणि १८९६ मध्ये ते तेथून बाहेर पडले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या काळी हे धाडसच होते. नाटकाला तिकीट असे, तमाशाला असे, पण शास्त्रीय गाण्याला तिकीट लावले तर कोण येणार, असा प्रश्न होता. लोक आले.

मग ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. एकाही राजाच्या खजिन्यावर अवलंबून नसलेली, लोकांची फी, देणग्या आणि स्वतःच्या मैफलींचे उत्पन्न यांवर चालणारी ही संगीतशाळा. ठरावीक अभ्यासक्रम, ठरावीक वेळ, वर्ग, परीक्षा, छापील पुस्तके असे सारे शाळेसारखे. मुंबईची शाखा १९०८ मध्ये निघाली. विद्यार्थी वाढले, मोठी इमारत बांधायचे ठरले आणि कर्ज काढले गेले. पंडितजी गावोगाव मैफली करीत आणि मिळालेला पैसा शाळेच्या खात्यावर जमा करीत. पण व्याज त्याहून वेगाने चढत गेले आणि अखेर त्या इमारतीचा लिलाव झाला. आपण व्यापारी माणसे, लिलाव म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. पेढी बुडाली की माणूस कोलमडतो, हे आपण आपल्या गावात पाहिलेले असते. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरज येथे पंडितजींचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या हाती इमारत नव्हती.

परंतु त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. प्रा. बी. आर. देवधर यांनी त्याआधीच, १९२५ मध्ये, मुंबईत गिरगावाजवळ आपली संगीतशाळा काढली होती. शिक्षण आणि श्रवण एकाच छपराखाली कसे नांदावे याचा ती शाळा नमुना होती असे मला वाटते. मोठमोठे कलावंत तेथे येऊन गात आणि विद्यार्थी समोर बसून ऐकत. कुमार गंधर्व अकरा-बारा वर्षांचे असताना याच शाळेत शिकायला आले. नुसत्या पाटीवरच्या धड्यांनी तसा गवई झाला असता का, हे प्रत्येकाने आपल्याशी ताडून पाहावे. पुण्यात भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज आणि पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून चालवलेला सवाई गंधर्व महोत्सव या दोन्ही गोष्टी एकाच शहरात वाढल्या, हाही मला योगायोग वाटत नाही. शिकणारे असले की ऐकणारे तयार होतात आणि ऐकणारे असले की शिकणाऱ्याला आपण कोठे उभे आहोत हे कळते.

"हे सारे पुण्या-मुंबईचे झाले, आमच्या मराठवाड्याचे काय?" असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर फार जुने आहे. संगीतशास्त्राचा आधारग्रंथ मानला जाणारा 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने लिहिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य अशा सात अध्यायांचा हा ग्रंथ. हा शार्ङ्गदेव दरबारात हिशेबखात्याचा प्रमुख होता! दिवसभर राज्याचा जमाखर्च पाहणारा माणूस श्रुतींचा आणि तालांच्या मात्रांचा हिशेब असा बारकाईने मांडून ठेवतो, हे वाचल्यापासून गादीवर बसून खतावणी लिहिताना मला एक वेगळाच आधार वाटतो. त्याच्या नावाचा समारोह छत्रपती संभाजीनगरच्या महागामी गुरुकुलात होतो. तेथे ओडिसी आणि कथक शिकवले जाते आणि संधी मिळाली तर तोही पाहण्यासारखा आहे. नांदेडचे म्हणावे तर पंडित नाथराव नेरळकर यांचा जन्म तेथलाच. अण्णासाहेब गुंजकरांकडे ते शिकले आणि पुढे त्यांनी मराठवाड्यात शेकडो विद्यार्थ्यांना शिकवले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, २०२१ मध्ये ते गेले. आणि आमच्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे गाव. ज्यांच्या कीर्तनाची ख्याती पंजाबपर्यंत गेली त्यांच्या जिल्ह्यात गाण्याला कोणी परके म्हणू नये.

आता घरातल्या शंकांकडे वळतो, कारण अडचण खरी तेथे आहे.

पहिली शंका धर्माची. गाणे-बजावणे हा इंद्रियांचा विषय, श्रावकाने त्यात का रमावे, असे घरातील वडीलधारे म्हणतात आणि नीलांजनेचे उदाहरण देतात. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणातली ती कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ऋषभदेवांच्या सभेत नृत्य करता करता नीलांजनेचे आयुष्य संपते. रसभंग होऊ नये म्हणून इंद्र तत्क्षणी तिच्या जागी दुसरी नर्तकी उभी करतो आणि साऱ्या सभेला काही कळत नाही. कळते ते एकट्या ऋषभदेवांना, आणि तेथून त्यांच्या वैराग्याला आरंभ होतो. ही कथा कलेच्या विरुद्ध म्हणून सांगितली जाते. मला मात्र नेहमी वाटत आले आहे की, त्या सभेत खऱ्या अर्थाने नृत्य पाहणारा एकच होता. बाकीचे करमणूक करून घेत होते. शिवाय पुरुषांच्या बहात्तर आणि स्त्रियांच्या चौसष्ट कला लोकांना शिकवल्या त्या ऋषभदेवांनीच, असे आपली परंपरा सांगते. स्थानांगसूत्राच्या सातव्या स्थानात सात स्वरांचे विवेचन आहे. पार्श्वदेवांचा 'संगीतसमयसार' आणि सुधाकलश यांनी इ. स. १३५० मध्ये रचलेला 'संगीतोपनिषत्सारोद्धार' हे जैन ग्रंथकारांचे संगीतावरचे ग्रंथ. वेरूळला जैन गुंफांत जाऊन छताकडे पाहावे, तेथेही नर्तक आणि गंधर्व आहेत. तीर्थंकरांची देशना मालकोश रागात होते, ही श्रद्धाही आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते.

या मालकोशाची, म्हणजे मालकंसाची, एक गंमत सांगण्यासारखी आहे. ऋषभ आणि पंचम वर्ज्य असलेला हा राग उत्तररात्रीचा. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्यावरच्या कार्यक्रमांत रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, काही मोजक्या दिवसांना बारापर्यंतची सवलत असते. रात्रभर चालणाऱ्या मैफली त्यामुळे जवळजवळ संपल्या आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळणे दुर्मिळ झाले. रसिकांना याचे वाईट वाटते. मला निम्मे वाईट वाटते, कारण साडेदहाला निघालो तर बाराच्या आत डोंगरकडा गाठता येतो आणि सकाळी दुकानही वेळेवर उघडते.

दुसरी शंका अहिंसेची, आणि ती मला पहिल्यापेक्षा अवघड वाटते. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते, ताण देणारी वादीही चामड्याची. तंबोऱ्याचा भोपळा शेतात पिकतो, पण तारा ज्या घोडीवरून जातात ती पूर्वी हाडाची किंवा शिंगाची करीत. नातीला क्लासला घातले तेव्हा माझ्या पत्नीने नेमके हेच विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. आम्ही तोडगा काढला तो असा : घरी तंबोरा आणि ठेका मोबाइलवरच्या यंत्रातून लावायचा, घरात तबला आणायचा नाही. कातड्याऐवजी कृत्रिम पडद्याचे तबले आता मिळतात. ऐकणारे म्हणतात की त्यांचा नाद थोडा कोरडा आहे. मैफलीत मात्र वादक आपले वाद्य घेऊन येतो आणि आम्ही ते ऐकतो. ही तडजोड आहे, हे मी मान्य करतो. ज्या घरात ती पटत नाही त्यांना मी चूक म्हणणार नाही.

आमच्या सूनबाईंनी या बाबतीत घरात सर्वांत जास्त शिकवले, तेही गाण्यातून नव्हे. लग्नाआधी त्यांनी नांदेडला ब्यूटी पार्लरचा कोर्स केला होता. त्या म्हणतात, तेथे पहिल्याच महिन्यात लाली आणि क्रीम यांच्या डब्यांवरची बारीक अक्षरे वाचायची सवय लागली. कारण लाल रंग कधी किड्यांपासून काढलेला असतो, मेण मधमाश्यांचे असते, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीचे असते. प्राण्यांवर चाचणी करून सौंदर्यप्रसाधने बनवण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे, पण डब्यात काय आहे हे वाचण्याचे काम आपलेच राहते. त्यांच्या संस्थेत आठवड्यातून एक दिवस शिकाऊ मुली बाहेरच्या बायकांना अगदी कमी दरात सेवा देत. गिऱ्हाईक आले नाही तर हात बसणार कसा? मोलमजुरी करणाऱ्या बायकाही त्या दिवशी येऊन आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडून तरी केस धुऊन घेत, हे सांगताना सूनबाईंचा आवाज बदलतो. क्लासला समोर बसणारे लोक लागतात, मग तो गाण्याचा असो की केशरचनेचा.

तिसरी शंका सर्वांत साधी आणि सर्वांत बळकट : याचा उपयोग काय? याला शासनानेच एक उत्तर देऊन ठेवले आहे. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य यांच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, चित्रकलेच्या परीक्षांनाही मिळतात. हे उत्तर सोयीचे आहे आणि त्यामुळे क्लासला गर्दीही झाली आहे. पण गुणांसाठी आलेली मुले गुण मिळताच जातात. सरांच्या क्लासमध्ये जूनमध्ये दहावी झालेल्यांपैकी एक-दोनच चेहरे पुन्हा दिसतात.

आमच्या घरातही तेच झाले असते. गेल्या वर्षी नात दहावी झाली, वाढीव गुण मिळाले, पेढे वाटले. त्याच संध्याकाळी मुलगा मला म्हणाला, "अण्णा, आता रविवारची फेरी बंद करू. अकरावीचा अभ्यास आहे, आणि ज्यासाठी घातले होते ते तर झाले." त्याचे बोलणे चुकीचे नव्हते. गाडीचे डिझेल, अर्धा दिवस, फी, सारे त्याने मांडून दाखवले. मी काही बोललो नाही. मला बोलता आले नाही, याला कारण होते.

मी चौदा वर्षांचा असताना गावात आठवड्यातून एकदा पेटी शिकवायला एक वयस्क गृहस्थ येत. वडिलांनी माझ्यासाठी जुनी पेटी घेतली होती. दीड वर्ष मी शिकलो. नंतर वडील आजारी पडले, मला गादीवर बसावे लागले आणि पेटी माळ्यावर गेली. ते आवश्यकच होते, त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. परंतु पुढे वडील बरे झाले, धाकटा भाऊ दुकानात आला, सवड झाली, तरी पेटी खाली काढावी असे घरात कोणालाच सुचले नाही. मलाही नाही. काही वर्षांनी काढली तेव्हा उंदरांनी भाता कुरतडला होता.

हे मी मुलाला कधी सांगितले नव्हते. त्या दिवशीही सांगितले नाही. बोलल्या त्या सूनबाई. कपाटातून आपल्या कोर्सचे प्रमाणपत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "माझा कोर्स कोणी बंद केला नव्हता. हे हातात आले आणि आपोआप बंद झाला. आता मला साधी वेणीची नवी पद्धत विचारली तरी येत नाही." मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. "बघू," एवढेच म्हणाला. आमच्या घरात "बघू" म्हणजे नकार नसतो.

यंदाच्या फेब्रुवारीत गाडी चालवायला तोच आला. पहिला तासभर तो मंडपाबाहेर फोनवर बोलत उभा होता, सुरतच्या मालाचे काही अडले होते. नंतर येऊन मागच्या रांगेत बसला. परतताना वारंगा फाट्याच्या दिशेने जाणारे ट्रक ओलांडत असताना त्याने लेकीला विचारले की शेवटी गायले त्याला काय म्हणतात. ती म्हणाली, "भैरवी. ती झाली की कार्यक्रम संपतो." "मग आधी सांगायचे ना," तो म्हणाला, "मी नीट ऐकले असते."

क्लास चालू आहे. रविवारी दुकान कोणी उघडायचे याची पाळी ठरली आहे आणि महिन्यातून एकदा जेथे गाणे असेल तेथे जायचे, मग ते क्लासमधल्या मुलांचे गुरुपौर्णिमेचे का असेना, असेही ठरले आहे. ज्यांना आरंभ करायचा आहे त्यांनी खरे तर तेथूनच करावा. तो कार्यक्रम फुकट असतो, छोटा असतो, गाणारी मुले चुकतात आणि त्यांच्या आया समोर बसून श्वास रोखतात. मोठ्या मैफलीला जाल तेव्हा अर्धा तास आधी जाऊन पुढे बसा. तंबोरे जुळवतानाचा काळ वाया गेला असे समजू नका. विलंबित ख्याल सुरू झाला की पहिली दहा मिनिटे कंटाळा येतो, तेव्हा उठू नका. नावे कळली नाहीत तरी चालेल. शेजारच्या जाणकाराला विचारावे, ही माणसे सांगायला आतुर असतात.

आता दिवाळी येते आहे. नांदेडला गोदावरीच्या घाटावर दिवाळी पहाट होते. पहाटेचे गाणे आपल्या घरांना अधिकच सोयीचे, कारण नवकारशी पाळणाऱ्याला सूर्योदयानंतर दोन घटका काही घ्यायचेच नसते. अमावास्येच्या पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवायचा असतो, तेव्हा तो दिवस सोडून दुसऱ्या पहाटेला जायचे आम्ही योजले आहे. साडेतीनला निघावे लागेल. मुलाने परवाच विचारले की गाडीत पाचवा माणूस बसेल का, त्याच्या एका व्यापारी मित्रालाही यायचे आहे.